चौथ्या गणाला अडखळणारी गाडी

५ डिसेंबर १९८९

तीन गॅरेजं फिरून आलेली गाडी! शीळफाट्याच्या कमळाबाईंची. काळी, डिझेलची, मागच्या काचेला अजून झालर. यजमानांनी हौसेनं घेतलेली. ते जाऊन दोन वर्षं झाली. सोळा तारखेला लेकीचं, मंजुळाचं लग्न. पोरीचा एकच हट्ट — मोहन्याला सासरी जाईन तर बाबांच्या गाडीतून.

इंजिन चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. गाडी उभ्या उभ्या झुलते. तिघांनीही पंपाला दोष दिला, एकानं तर तो बदललासुद्धा. मी बॉनेट उघडून नुसता ऐकत बसलो. एक आखूड उसळी, दोन लांब उसासे. लगागा, लगागा, लगागा... अरे, हा तर चार गणांचा भुजंगप्रयात!

सीताराम, माझा चाळीस वर्षांचा भागीदार आणि कवितेचा वैरी, म्हणाला, "मास्तर, गाडीला वृत्त नसतं. नट असतात."

सातवी पास माणसाला सगळा मुरबाड रोड मास्तर म्हणतो, तो यामुळेच.

६ डिसेंबर

दोष पंपात नाहीच. इनलेट मॅनिफोल्डमध्ये आहे — ज्या नळकांड्यातून इंजिन हवा ओढतं त्यात. तिथून एक बारीक नळी पंपाकडे जाते. ओढ किती आहे ते पाहून पंप डिझेल सोडतो. जोडातून चोरून हवा शिरली की बिचारा फसतो.

उदबत्ती पेटवून जोडाशी धरली. पहिलं तोंड, दुसरं — धूर सरळ वर. तिसऱ्याशी आला, वाकला आणि सुर्रकन आत गेला! काय सुंदर दिसलं! टेंभी नाक्याजवळच्या आमच्या शाळेत सरस्वतीपूजनाला धूर असाच खिडकीकडे वाकायचा. गुरुजी डस्टरनं टेबलावर गण ठोकायचे, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात...

बोटाला चटका बसला तेव्हा कल्याणात परत आलो.

८ डिसेंबर

मॅनिफोल्ड उतरवलं. काचेवर नीळ पसरून त्याचं जोडाचं तोंड टेकवलं. मधल्या भागाला डागच लागला नाही — तेवढं खोलगट! मग काचेवर एमरी पेपर ठेवून दिवसभर घासलं, आठाचा आकडा काढत. असल्या कामाला घाई करू नये. पॅकिंगही हातानंच कापलं. पॅकिंगचा जाड कागद तोंडावर धरून हातोडीच्या गोल टोकानं कडा ठोकत गेलो.

घरी येताना जिन्यात दोनदा बसलो. मालन, सूनबाई, वरून म्हणाली, "अण्णा, दम लागला का?" म्हटलं, नाही गं, एक कडवं आठवत होतो.

खरंच आठवत होतो.

१० डिसेंबर

गाडी जोडली. सुरू केली. सीताराम खूश — "बघा मास्तर, सुतासारखी!" उदबत्तीचा धूरही सगळीकडे सरळ.

मी रबरी नळीचं एक टोक जोडाशी धरलं, दुसरं एका कानाला लावलं, दुसऱ्या कानात कापूस. बाहेरचा खडखडाट नको म्हणून. डोळे मिटले.

लगागा, लगागा, लगागा — आणि चौथ्या गणाला काहीच नाही! रिकामी जागा. मग पुन्हा लगागा.

नळी सीतारामला दिली. त्याला काही ऐकू येत नाही. त्याला तो कानच नाही.

११ डिसेंबर

पुन्हा खोललं. जोड स्वच्छ. नवं पॅकिंग घातलं. तरी आहेच!

१३ डिसेंबर

तिसऱ्यांदा. आवळताना जोर जास्त झाला, स्टड — नट बसतो तो आट्यांचा दांडा — तुटला.   सीताराम दिवसभर तो तुटका तुकडा काढत बसला.

त्यातच कमळाबाई आल्या. "आरं मास्तर, परवा पोरीची हलद, न तू गारी अजून उगरून बसलास?" त्यांच्या आगरी बोलीत लहानथोर सगळे 'तू'च. आई गेल्यापासून मला कोणी तू म्हटलेलं नाही. रागावल्या होत्या तरी गोड वाटलं.

म्हटलं, वाटेत पत्रीपुलाच्या चढावर बंद पडली तर? आत नवरी...

"त ढकलू! तिच्या बापाची गारी हाय. अख्खा वऱ्हाड ढकलंल!"

हसलो. पण दिली नाही.

१५ डिसेंबर

सीतारामशी भांडण. चाळीस वर्षांत पहिलं. "गाडी बरी आहे, मास्तर. दहा तारखेपासून बरी आहे!"

"मग मला ऐकू येतं ते काय?"

 मी चावी खिशात घातली आणि घरी आलो. तिकडे हळद लागली असेल. बापाची गाडी दारात नाही! पण अडखळणाऱ्या इंजिनावर पोरगी पाठवू कशी?

१६ डिसेंबर

सकाळी खिशात चावी नाही. मालननं दिली सीतारामला! "मीही अशीच माहेरातून निघालेय, अण्णा. तिला किती वाटत असेल." 

दुपारी पत्रीपुलाशी जाऊन उभा राहिलो, ढकलायला एक हात असावा म्हणून. झेंडूच्या माळा घातलेली काळी गाडी आली. स्टिअरिंगवर सीताराम. चढ आला — आणि एका दमात वर! ना धूर, ना झुलणं. मंजुळा मागच्या काचेतून वळून बघत होती, कोणाकडे कोण जाणे.

मी मात्र तो चढ तीन ठिकाणी थांबत चढलो.

१७ डिसेंबर

गॅरेजात एकटाच. गाडीच्या जागी तेलाचा डाग. सवयीनं कानात कापूस घातला, नळी लावली. दुसरं टोक मांडीवर. लगागा, लगागा, लगागा — रिकामी जागा.

टोक उचलून बंडीवर धरलं, छातीच्या डाव्या बाजूला. आवाज वाढला.

गाडी दहा तारखेपासून बरी होती.