हिरव्या कापडाचे तीन खंड

३ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

अखेर घबाड हाती लागलं! निम्मं आयुष्य जिच्यामागे घातलं ती व्हिक्टोरियन कादंबरी मिळाली. पहिली आवृत्ती, तिन्ही खंड, मूळच्या हिरव्या कापडी बांधणीत. रंग असा झळझळीत की कालच दिलाय म्हणावं. कपाटात आता हिरव्यांची अख्खी रांग झाली. तू जुनी पुस्तकं दुरुस्त करणारी, म्हणून मुद्दाम तुला जळवायला लिहितोय.

तुझी वहिनी नाक मुरडते, तरी रोज एकेक पुसते. डाग दिसला की बोटाला थुंकी लावून घासते, ओरडलो तरी ऐकत नाही. अलीकडे तिचं पोट सारखं बिघडतं, हातांची सालं निघतात. डॉक्टर म्हणतात, साबण बदला. वयाची नाटकं, दुसरं काय!

भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा


९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून पायाखालची जमीन सरकली. त्या काळी असा हिरवा रंग यायला सोमल वापरत. सोमल म्हणजे विष, दादा. आमच्याकडे अशी पुस्तकं पिशवीत बंद असतात, हातमोज्यांशिवाय कोणी शिवत नाही. आणि वहिनी तेच बोट रोज तोंडात घालते!

आजच तिला सांग, डॉक्टरांना सांग. ती कपाट रिकामं करायला लावेल म्हणून तू मूग गिळून बसशील, मी तुला ओळखून आहे. तसं केलंस तर तोंड पाहणार नाही तुझं.

राग धरू नकोस, लोभ सोडू नकोस.

चिमी


२६ मार्च

सौ. वन्संना स. न. वि. वि.

शेजारणीकडून लिहून घेतेय, मला पेन धरवत नाही. तुमचं पत्र ह्यांनी वाचून खिशात घातलं. विचारलं तर म्हणाले, तिकडे सगळे खुशाल. ऐकून बरं वाटलं.

माझ्या पोटात काही ठरत नाही, पायांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी पुन्हा साबण बदलून दिलाय.

हे मात्र फार बदललेत. पुस्तकांना घाम लागू नये म्हणे, म्हणून स्वतःला हातमोजे आणलेत. माझे पाय चेपतात आणि मध्येच डोळे पुसतात. मला आधी भीतीच वाटली. मग म्हटलं, वयाने माणूस हळवं होतं.

काल उठवेना म्हणून पुसायचं राहिलं. हे कपाटापाशी घुटमळले, मोजे घातलेला हातसुद्धा मागे घेतला, आणि म्हणाले, हिरवी तूच पूस, तुझ्याइतकं जपून मला जमत नाही. वन्सं, अख्ख्या संसारात ह्यांनी पहिल्यांदा माझं कौतुक केलं. कशीबशी उठले आणि सगळी पुसून काढली.

आमच्यावर आहे तसाच जीव राहू द्या.

तुमची वहिनी