तेल उद्या

हॅनोव्हर,
१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. समर्थ,

आशीर्वाद. राग असला तरी आशीर्वाद द्यावा लागतो, म्हातारपणाला ते चुकत नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. चिंचवडला तू चौथीपर्यंत मराठी शिकलास, मीही चौथीच. तेव्हा कळलं नाही असं सांगू नकोस.

इकडे चालू आहे. तुझी आई परत ऑफिसला जायला लागली. डबा रिकामा आणते; खाते की टाकते, देव जाणे. वरची जर्मन म्हातारी सारखी केक आणून देते. मनाने चांगली आहे, पण साखरेला हात आखडता. थंडी पडली. गुडघे आहेत तिथेच आहेत.

आता गाडीचं.

तुझी आई म्हणाली, "आई, ती जीप भंगारात देऊन टाकू, मला ती दारात बघवत नाही." मी म्हटलं, दे, पण आधी आत काय झालं ते मला बघू दे. कोपऱ्यावरचा वेर्कष्टाटवाला, तो गाड्या दुरुस्त करणारा, आला. आडवा झोपून त्याने मागच्या अ‍ॅक्सलचं झाकण काढलं. आतल्या चक्रांचे दात तापून निळे पडलेले, एक तुटून तळाशी. त्याने आत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं. "काइन ओएल, ओमा," म्हणाला. तेलाचा थेंब नाही.

मी गॅरेजच्या फळीकडे बघितलं. तेलाचे डबे तिथेच. सीलसुद्धा तोडलेलं नाही.

तुला ठाऊक नाही, कारण तू उन्हाळाभर आला नाहीस. तुझ्या बापाने मोठे टायर बसवले आणि गाडी चढाला रडायला लागली. मग आतले क्राउन-पिनियन, ती दातांची चक्रं, बदलायचं ठरलं. पुढचे आणि मागचे दोन्ही, नाहीतर गाडी स्वतःशीच भांडते म्हणायचा. ही गाडी तो तुझ्यासाठी करत होता असलं काही मी सांगणार नाही. स्वतःच्या हौसेसाठी करत होता. मी स्टुलावर बसून शेंगा सोलायची. दातांना पिवळा लेप लावायचा, चाक फिरवायचं, कुठे घासलं ते बघायचं, पुसायचं, कागदाएवढी पातळ चकती काढायची-घालायची, परत लेप. मी म्हटलं, "दत्ता, नवरीला एवढी हळद लागत नाही रे." तर म्हणतो, "नवरी चुकली तर निभावतं, आई. हे चुकलं तर माणूस मरतो."

शेवटचं झाकण बसवलं तेव्हा कडेने काळा गोंद लावला. हात पुसत म्हणाला, "हे सुकू दे. तेल उद्या."

सकाळी चहा निवला तरी उठला नाही.

मग तू आलास, माणसं आली, दिवस झाले. कुणाच्या डोक्यात गाडी? माझ्याही नाही. मी आंघोळीला गेले होते आणि तू किल्ली घेऊन बर्लिनला निघालास. ब्राउनश्वाइगच्या अलीकडे मागची चाकं जाम झाली, मागून ट्रक, थोडक्यात वाचलास. टो करून गाडी आणलीस आणि दारात उभा राहून म्हणालास, पप्पाचं काम म्हणजे फुश.

जर्मनमध्ये म्हणालास, म्हातारीला कळायला नको म्हणून. अरे, तो शब्द मला 'गुटेन टाग'च्या आधी आला. दुसऱ्याचं भिकार काम दिसलं की तुझा बाप हेच म्हणायचा. कॉलेज सोडलंस तेव्हा तो तुला अर्धवट म्हणाला, ते त्याचं चुकलं. त्याच दिवशी मी त्याला तोंडावर सांगितलं होतं; खोटं वाटलं तर तुझ्या आईला विचार. तू त्याची परतफेड केलीस. पण तो ऐकायला नव्हता, ऐकायला मी होते.

तुझंही काही चुकलं नाही. किल्ली फिरवणाऱ्याला झाकणाआतलं कसं दिसणार? त्याचंही चुकलं नाही. मध्ये एक रात्र आली, एवढंच.

तू म्हणत असशील, आजी रडली नाही. या घरात एका वेळी एकीलाच रडता येतं, दुसरीने पोळ्या करायच्या असतात. तुझी आई झोपली की मी गॅरेजात जाऊन बसते. ट्रकचं मनात येतं. एकाचं आवरलं नाही तोवर दुसऱ्याचं करावं लागलं असतं. पुढे मला लिहायचं नाही.

गाडी ठेवायची तर ये आणि बघ. टाकायची तर टाक, लोखंडच आहे. मला लोखंड नको. तो शब्द तेवढा परत घे. फोटोपुढे उभा राहून नको, फोटोला कान नसतात. मला फोन कर आणि मराठीत सांग, पप्पाने काम नीट केलं होतं.

लवकर कर. मी जिवंत आहे तोवर ते ऐकणारं कुणीतरी आहे.

दत्ताची आई