फ्रिजचं दार उघडं कोण टाकतं

३ मार्च, मंगळवार
पुन्हा दूध नासलं. फ्रिजचं दार बोटभर उघडं. बोलले ह्यांना, नको इतकं. "अहो, तिसऱ्यांदा! दार लावायचंसुद्धा आठवत नाही?"
"लावलं होतं गं... बहुतेक."
ते 'बहुतेक' ऐकून लगेच रोहनला फोन. "आई, पॅनिक नको होऊस. बाबांची मेमरी टेस्ट करून घेऊ." पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. ह्यांनी मागितलीही नाही.

५ मार्च
शेजारच्या लीनाबरोबर आम्ही दोघं एडिसनला, इंडियन स्टोअरमध्ये भाजीला. तिने विचारलं, "काका, आज ड्राइव्ह नाही केलंत?" उत्तर मीच दिलं, "ह्यांचं विसरणं वाढलंय हल्ली." ह्यांच्या देखत. हे खाली मान घालून कोथिंबिरीच्या जुड्या निवडत राहिले.

७ मार्च, शनि.
रोहन जर्सी सिटीहून आला. फ्रिजचं दार मी लावलं, माझ्या हाताने, दाबून. सगळ्यांसमोर हळूच सुटलं. रोहनने फटीत कागद धरून दार लावलं, ओढला तर अलगद बाहेर. "बाबा, इट्स द गॅस्केट! दाराचं रबर गेलंय." हे हसले. मला हसता येईना. लीनाला काय सांगू?

१० मार्च
नवं रबर आलं, खोक्यात दुमडून वाकडं झालेलं. ह्यांनी गरम पाण्यात बुडवून सरळ केलं. जुनं खाचेतून ओढून काढलं, नवं कोपऱ्यापासून अंगठ्याने दाबत बसवलं. एक कोपरा बसेना, तर माझा हेअर ड्रायर मागून घेतला. पुण्यात स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसायचे, तीच तंद्री. आणि ह्या माणसाला मी...
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, माफी मागताना जमिनीकडे बघायचं नाही. मी ओट्याकडे बघत म्हटलं, "उगाच बोलले तुम्हाला."
"त्यात काय! मलाही वाटलंच होतं, मीच विसरतो."
तसं ह्यांना वाटायला मीच लावलं.

११ मार्च
दार आता घट्ट लागतं, उघडायला जोर लागतो. ह्यांना म्हटलं, उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल करते.
"राहू दे. जाऊन येऊ."
"अहो, पण दोष रबराचा होता ना!"
"तो दाराचा झाला. आठ दिवस मी स्वतःलाच तपासतोय गं. खरं सांग, आणखी काय काय विसरतो मी?"
काहीच नाही, असं पटकन म्हणायला हवं होतं. मी आठवत राहिले. क्षणभरच. ह्यांनी ते पाहिलं.