चहातली भाकरी

मंगळवार, चैत्र. संध्याकाळ.

आमच्या संशोधन केंद्रातली जास्त लोहाची बाजरी मीच चितेगावला ताईकडं दिली होती, भाचीच्या अंगात रक्त कमी म्हणून. आज तपासणीचा कागद आला. रक्त तेवढंच! आमचा वाणच फसला का? तसाच उठून गेलो. पोरगी वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला निघायच्या घाईत, चहात भाकरी कुस्करून खात होती. चहात! चहा तर लोह अंगी लागूच देत नाही.

"रोज अशीच खाते?"

ताई म्हणाली, "मग कशासंगं खाईल? टँकरच्या पाण्यावर भाजी येती व्हय?"

चहा सोड म्हणणार होतो. पण कोरडी भाकरी पोरगी गिळणार कशी? एवढी वर्षं दाण्यातलं लोह वाढवलं, भाकरी कशाशी खातात ते विचारलंच नाही. ताईनं माझ्यापुढंही चहा-भाकरी ठेवली. मीही चहातच कुस्करली.