अवांतर बोलण्यास सक्त मनाई

५ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
कालपासून मी ऑनलाइन वाचक मंडळाचा सभासद. एकूण अकरा जण. ॲडमिन एक दंतवैद्यबाई आहेत. मागच्या महिन्यात माझी दाढ काढताना त्यांनी विचारलं होतं, रिटायर झालात, आता काय करता? तोंडात कापूस असल्यामुळे मी जे काही म्हणालो ते त्यांनी ‘वाचन’ असं ऐकलं. असो. वाचन तर वाचन. बत्तीस वर्षं वजन-मापं तपासनीस म्हणून दुकानदारांचे तराजू तपासले, आता साहित्य तपासू.

या महिन्याचं पुस्तक: मिठागरात राबणाऱ्या तीन पिढ्यांची कादंबरी. पानं ४१२. रोज वीस वाचली की एकवीस दिवसांत खलास. सोपं आहे.

६ फेब्रुवारी
वीस पानं वाचायची होती. ग्रुपवर १४३ मेसेज आले, ते वाचण्यात वेळ गेला. कादंबरीबद्दल एकही नाही. मंडळातल्या एका बेकरीवाल्याच्या सुनेला गाडी शिकायची आहे, तर ती सकाळी शिकावी की संध्याकाळी, यावर सत्तर मेसेज. सकाळी शिकावी हे उघड आहे. मी लिहिलं नाही.

९ फेब्रुवारी
आज पुस्तक किचनमधल्या काट्यावर ठेवलं. ४३० ग्रॅम. बायको म्हणाली, वजन झालं असेल तर आत काय आहे तेही बघा. तिला पद्धत म्हणजे काय ते कळत नाही. वाचलेली पानं: ११ (प्रस्तावना धरून).

१२ फेब्रुवारी, स. ६.४५
या मंडळात एक मास्तरबाई आहेत. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता एकट्याच राहतात. रोज बरोबर सहा चाळीसला बाल्कनीतल्या कुंडीचा फोटो टाकतात. खाली लिहितात, सुप्रभात, आज एक कळी जास्त. मग उरलेले नऊ जण त्या कळीचं कौतुक करतात. दंतवैद्यबाई हार्ट पाठवतात. शिकलेली बाई.

मंडळाला वाचवायला हवं, आणि ते काम माझ्यावरच येणार असं दिसतंय.

१४ फेब्रुवारी
नियमावली तयार केली. कलमं सात. मुख्य कलम तिसरं: ग्रुपवर अवांतर बोलण्यास सक्त मनाई. अवांतर म्हणजे सुप्रभात, कुंड्या, मुलंसुना, तब्येती, हवापाणी आणि ‘हाहाहा’. कलम चार: रविवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये पहिला एक तास फक्त पुस्तक.

ग्रुपवर टाकली. दंतवैद्यबाईंनी अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे मंजुरी. बायकोचं म्हणणं, अंगठा म्हणजे ‘पाहिलं’. मी वाद घातला नाही. नियम आजपासून लागू.

१५ फेब्रुवारी
ग्रुपवर मेसेज: एक. सहा चाळीसला. कुंडीचा फोटो. खाली: नियमावली वाचली, छान झाली आहे, सुप्रभात.

नवीन वही काढली. ‘अवांतर नोंदवही’. पहिली नोंद केली: तारीख, वेळ, कलम तीनचा भंग, मास्तरबाई. तंबीचा मेसेज पाठवला. त्यांनी उत्तर दिलं की नोंद झाली ना, मग ठीक आहे.

१८ फेब्रुवारी
बाकी नऊ जण सरळ आलेत. एकदम शांतता. फोन दिवसभर वाजत नाही. दोनदा बंद करून चालू केला, नेटवर्क तपासायला. नेटवर्क ठीक आहे.

मास्तरबाई: भंग क्रमांक चार. आज कळी नाही, फूल.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपार
कलम चारप्रमाणे पहिली मीटिंग. ऐतिहासिक. पहिला एक तास फक्त पुस्तक असल्यामुळे कुणी काहीच बोललं नाही. चौदा मिनिटं. बेकरीवाला पंख्याकडे बघत होता. मग दंतवैद्यबाई म्हणाल्या की नियम तपासनीस साहेबांचा आहे, तर सुरुवात त्यांनीच करावी.

मी डगमगलो नाही. कागद चांगला आहे, समास एक सेंटिमीटर आठ मिलिमीटर आहे पण पान २६ वर तो दीडवर येतो, आणि वजन पुस्तकाच्या आकाराला धरून आहे, एवढं सविस्तर सांगितलं. सगळे पंख्याकडे बघू लागले. विचार करत असावेत. मास्तरबाईंनी विचारलं की नातवाने आजोबांचं फावडं विहिरीत का टाकलं असेल, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, ते ज्याने त्याने ठरवायचं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे.

संध्याकाळी बायकोला विचारलं, नातवाने फावडं का टाकलं? तिने सांगितलं. म्हणजे तिने पुस्तक वाचून संपवलंय. माझ्या परवानगीशिवाय. माझं पान ३८.

२७ फेब्रुवारी
बेकरीवाला सभासदत्व सोडतो म्हणाला. फोन करून कारण विचारलं. म्हणाला, दिवसभर भट्टीपाशी एकटा असतो, तुमच्या ग्रुपवर जरा बरं वाटायचं. मी त्याला समजावलं की बरं वाटणं हे मंडळाचं उद्दिष्ट नाही. तो म्हणाला, पाव जळतोय. ठेवला फोन.

सुधारणेच्या प्रत्येक कामात गळती होतेच. मी मागे हटणार नाही.

३ मार्च
भंग क्रमांक सतरा. सतरा दिवस, सतरा फोटो, एकाही दिवशी सहा चाळीसचं एकेचाळीस नाही. नोकरीत असा गुन्हेगार पाहिला नाही. सगळ्या नोंदी लाल शाईत केल्यात. येत्या रविवारी वही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवणार.

४ मार्च, स. ६.४०
आलो, बसलो, पेन उघडलं. फोटो नाही.

६.४१ नाही.

६.५५ नाही. विजय. बाई वठणीवर आल्या. बायकोला सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

७.३०
नियमाला यश आलं की माणसाला समाधान वाटलं पाहिजे. वाटतंय.

८.१५
थोडा तांत्रिक मुद्दा. सतरा दिवस चुकीचं येणारं माप अठराव्या दिवशी अचानक बरोबर आलं, तर आम्ही दुकानदाराला शाबासकी देत नव्हतो, दुकान पुन्हा तपासत होतो. त्यामुळे बाईंना फोन केला. नियम पाळल्याबद्दल अभिनंदन करायला. उचलला नाही. परत केला. नाही. एकूण सहा वेळा.

८.४०
दंतवैद्यबाईंकडे पत्ता मागितला. कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं, नियमावलीची छापील प्रत द्यायची आहे. त्या म्हणाल्या, आज फोटो आला नाही ना? मी म्हटलं, ती माझ्या नोंदवहीतली बाब आहे. त्यांनी पत्ता पाठवला आणि क्लिनिक बंद करून निघते म्हणाल्या. बायकोने माझ्या हातात चप्पल दिली. छापील प्रत टेबलावरच राहिली, ते रिक्षात लक्षात आलं.

रात्री
क्रमाने लिहितो.

चौथा मजला. लिफ्ट बंद. बेल वाजवली, उत्तर नाही. दारातूनच बाईंना फोन लावला, तर आत वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. आयुष्यात शेकडो बंद दुकानांसमोर उभा राहिलोय. पण कुठल्याच दारावर असे दोन्ही हातांनी धक्के मारले नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे जास्तीची किल्ली होती. सुई तोंडात धरूनच त्या माझ्यामागे जिना चढल्या. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. पहाटे पाणी प्यायला उठल्या आणि पाय सरकला. खुब्याचं हाड. शुद्धीवर होत्या. टेबलावरचा फोन डोळ्यांना दिसत होता, पण हात पोचत नव्हता. चार तास.

मी हाक मारली तर म्हणाल्या, तपासनीस का? आवाजावरून ओळखलं. मग म्हणाल्या, आज राहिलं बघा माझं, लिहून घ्या.

मी वही आणली नव्हती.

ॲम्ब्युलन्सला फोन शिवणकामवाल्या बाईंनी केला. मी बाईंच्या डोक्याखाली उशी दिली, पाणी पाजलं आणि काहीतरी बोलत राहिलो. काय बोललो ते नेमकं आठवत नाही. हवेबद्दल असावं. माझ्या गुडघ्याबद्दलही सांगितल्यासारखं वाटतंय. त्यांच्या कुंडीबद्दल विचारलं. परिस्थिती अपवादात्मक होती. दंतवैद्यबाई ट्रॅफिकमध्ये अडकल्या, त्या परस्पर हॉस्पिटलवर गेल्या आणि मी घरी आलो.

५ मार्च
ऑपरेशन झालं. बाई ठीक आहेत.

शांतपणे विचार केल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. हे सगळं कशामुळे लक्षात आलं? नोंदवहीमुळे. नोंदवही कशामुळे आली? नियमामुळे. म्हणजे कलम तीनने एक जीव वाचवला. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, आणि बाईंनी तुमचं कलम पाळलं असतं तर? म्हटलं, तर काय? ती म्हणाली, तर आज कुणाला कळलं असतं? मी म्हटलं, जर-तरला अर्थ नसतो.

दुपारी झोप लागली नाही.

७ मार्च
ग्रुपवर दंतवैद्यबाईंचा मेसेज: नियमावली रद्द. यापुढे प्रत्येकाने रोज सकाळी काहीतरी टाकायचं. काहीही. न टाकणाऱ्याला दुसऱ्याने फोन करायचा. नऊ अंगठे. बेकरीवाला परत आलाय, त्याचा सगळ्यांत मोठा.

मला न विचारता. ज्याच्या दक्षतेमुळे हे घडलं त्याचा साधा उल्लेख नाही. मी अंगठा दिला नाही. देणारही नाही.

८ मार्च
एक तासापूर्वी बेकरीवाल्याचा फोन आला. म्हणाला, तुमचं सकाळचं काही आलं नाही, बरे आहात ना? मी म्हटलं, मी निषेध म्हणून गप्प आहे. तो म्हणाला, बरं बरं, पण निषेध एवढं एक टाकत जा रोज, म्हणजे कळेल.

९ मार्च, स. ६.४०
ग्रुपवर टाकलं: निषेध. नऊ हार्ट आले. यांना शब्दांचे अर्थही कळत नाहीत.

१५ मार्च
येत्या शनिवारी सगळे पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार आहेत. हॉस्पिटलमध्ये, मास्तरबाईंच्या खोलीत. संधी सोडायची नाही. भाषण लिहायला घेतलं. विषय: नियमाचा खरा हेतू आणि त्याचे फलित.

१९ मार्च
भाषण चार पानी झालं. बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग पेन्सिल घेतली आणि चौथ्या पानाच्या तळाशी एक रेघ ओढली. म्हणाली, इथे एक वाक्य राहिलंय. कुठलं, विचारलं. म्हणाली, दाराबाहेर उभे होतात तेव्हा घाबरला होतात, ते.

मी म्हटलं, तसं काही झालं नव्हतं. भाषण आहे तसंच वाचणार. एक शब्द बदलणार नाही.

२१ मार्च
चौथं पान पुन्हा लिहिलं. अक्षर नीट नव्हतं म्हणून.

२२ मार्च, शनिवार
चार वाजता पोचलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात भाषण. खोलीत दंतवैद्यबाई, बेकरीवाला आणि आणखी तिघं होते. बाईंना व्यायामाला खाली नेलं होतं. एकाच स्टुलावर सगळ्यांच्या पिशव्या.

मीटिंगमध्ये मी कॅमेरा कधी चालू केला नाही, माझा फोटोही वीस वर्षांपूर्वीचा. दंतवैद्यबाईंनी मला पाहिलंय, पण तोंड उघडं असताना. त्यामुळे हे होणं स्वाभाविक होतं. बेकरीवाला वळून माझ्याकडे बघत म्हणाला, मामा, जरा पाच खुर्च्या मिळतील का?

मी सांगणार होतो. खिशाकडे हातही गेला होता. पण सगळे माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते की मी बरं म्हटलं आणि गेलो. कॉरिडॉरच्या टोकाला खुर्च्यांची चळत होती. दोन, दोन आणि एक अशा तीन फेऱ्या केल्या. बेकरीवाला थँक्यू म्हणाला, आणि दार जरा ओढून घ्या म्हणाला. मी ओढून घेतलं. बाहेरून.

आत हसणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, तपासनीस आले नाहीत वाटतं. दंतवैद्यबाई म्हणाल्या, येतील, रागावले असतील अजून. बेकरीवाला म्हणाला, मनाने वाईट नाहीत हो. भाषणात या मुद्द्याला उत्तर नव्हतं.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. चाकाच्या खुर्चीतून मास्तरबाई आल्या, मागे नर्स. म्हणाल्या, तुम्ही बाहेर काय करताय? मी म्हटलं, दार बघतोय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, नर्सला जायला सांगितलं आणि म्हणाल्या, मग ढकला.

आत ढकलत नेलं. बाई सगळ्यांना म्हणाल्या, हे आपले तपासनीस, कुणीतरी यांना बसायला द्या. बेकरीवाला कानापर्यंत लाल झाला आणि उठायला लागला. मी म्हटलं, बसा हो, मला उभं राहायची सवय आहे.

पाऊण तास उभा होतो. बेकरीवाल्याची सून गाडीच्या परीक्षेत नापास झाली. दंतवैद्यबाईंच्या क्लिनिकच्या छतातून पाणी गळतं. पुस्तकाचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

वेळ संपल्यावर सगळे गेले. खुर्च्या मीच परत नेऊन ठेवल्या. पाच. मोजून.