शेवटच्या थांब्यासाठी गाडी

११ जुलै

आली एकदाची गाडी! गाडी कसली, चाकं लावलेलं कपाट. पाठीवर एक टायर, टपावर लोखंडी कठडा, आणि जमिनीपासून एवढी उंच की आधी पायरीवर आणि मग सीटवर, असं दोन हप्त्यांत चढावं लागलं मला. बसले तरी पाय लोंबकळतच.

आवाज मात्र शून्य. गल्लीत कधी शिरली कुणालाच कळलं नाही. शेजारचे पोस्टमास्तर पाठमोरे उभे होते, वळून बघतात तर नाकासमोर हे धूड! छत्रीच टाकली त्यांनी. संध्याकाळपर्यंत गल्लीने नाव ठेवूनसुद्धा झालं – मुकी.

पोस्टमास्तर म्हणाले, "विजेची गाडी आणि आपल्याकडे हा असा पाऊस. शॉक नाही बसत?" आमच्या यांना तेच हवं होतं! मग नव्या जावयाची ओळख करून द्यावी तशी एकेक गोष्ट दाखवली. गुडघाभर पाण्यातून जाते. चिखलात चारही चाकं ओढतात. "आणि क्लच नाही हो हिला! गिअर नाही. डावा पाय नुसता आराम करतो." हे तीनतीनदा. उभा जन्म बस चालवलेल्या माणसाला डाव्या पायाचं कौतुक असायचंच, म्हटलं.

जेवताना म्हणाले, "आता तुला शेवटच्या थांब्याला नेतो. भर पावसात." मी मान डोलावली. हे वाक्य लग्नापासून ऐकतेय. यांची बस जायची तिथे, डोंगराच्या अगदी माथ्यावर. तिथे ढग पायाखाली असतात म्हणे, आणि पाणी कड्यावरून खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने उलटं वर येतं. हे सगळं फक्त पावसातच. आणि पावसात मला ताडपत्र्या शिवण्यापुढे मान वर करायला फुरसत नाही. आता तर तो वरचा रस्ता खचलाय, बस अर्ध्यावरूनच परत फिरते. तिथवर जाईल ती अशीच गाडी. म्हणून ही घेतली.

यंदा मात्र मी दुकान बंद ठेवून जाणार! शब्द दिलाय.

१२ जुलै

मापाची टेप सापडेना. सकाळभर डोकं उठलं. शेवटी सापडली कुठे – गाडीत! आणि शिलाईयंत्रापुढचं माझं स्टूलही गाडीच्या शेडमध्ये. "काय चाललंय?" तर म्हणे, "गाडीच्या कव्हराचं माप घेत होतो." कव्हर शिवणार मी आणि माप घेणार हे! आणि स्टूल? "टप पुसायला चढलो होतो." साडेपाच-सहा फुटी माणूस, तो माझ्या वीतभर स्टुलावर चढणार! जाऊ दे. नवा छंद आहे.

१५ जुलै

सकाळी उघडीप होती. घाटाच्या निम्म्यापर्यंत जाऊन आलो. बरी आहे हो मुकी. आत बसून हळू बोललं तरी ऐकू येतं. यांच्या बसमध्ये मी दोनदाच बसले असेन, तेव्हा खालच्या खालीच, आणि दोन्ही वेळा कानठळ्या बसून उतरले होते.

उतरताना गंमत झाली. पाय सोडला की गाडी आपोआप आवरते, आणि बॅटरी भरायला लागते! आकडा वर चढताना बघून हे लहान मुलासारखे हसायला लागले. "एवढी वर्षं या उतारावर नुसते ब्रेक जाळले गं मी!"

आजूबाजूला काही जवळ आलं की ही टुणटुण करते. झाड आलं, टुणटुण. म्हैस आली, टुणटुण. मी म्हटलं, बंद करा की ही कटकट. म्हणाले, "असू दे, बरी असते."

ड्रायव्हरच्या दारावर सीट पुढेमागे करायची बटणं आहेत. घरी आल्यावर त्यातल्या दोन नंबरकडे नुसतं बोट नेलं, तर केवढ्याने ओरडले! "अगं, त्याला हात लावू नकोस! सगळं बिघडेल!" मी कशाला लावतेय हात. मला काय गाडी चालवायची आहे?

२१ जुलै

पाऊस. "आज नको."

२४ जुलै

पाऊस. "आज नको." मी म्हटलं, पावसातच जायचं ठरलं होतं ना? तर म्हणे, फार आहे. मग गाडी कशाला, मिठाचं पोतं घ्यायचं होतं, पावसात झाकून ठेवायला!

दुकानात शेडच्या पडद्यांची रांग लागलीय. तरी दुपारी वेळ काढून चार्जिंगची वायर लावतात त्या तोंडाला ताडपत्रीची छोटी टोपी शिवली. पाणी आत जाऊ नये म्हणून कंपनीचं झाकण आहेच, पण या माणसाला सबब नको मिळायला. टोपी बघून खूष झाले. "वा! आता बिनघोर." मग जाऊ या उद्या? "बघू."

३० जुलै

डावीकडच्या खांबाला घासली! आपल्याच फाटकाच्या. दार या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलून निघालं. ज्या माणसाने बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही!

रागाच्या भरात बोलून गेले, "डोळे फुटले का तुमचे? एवढा खांब दिसत नाही?"

नेहमी एकाला दोन ऐकवणारा माणूस. फडकं घेऊन ओरखडा पुसत बसले, जणू पुसल्याने जाणार होता.

४ ऑगस्ट

लेकीचा फोन. "आई, झाली का सहल?" म्हटलं, तुझ्या बाबांची गाडी साखरेची आहे, पावसात विरघळते. ती खो खो हसली. यांनी ऐकलं. नंतर बराच वेळ दिसेनात म्हणून शेडमध्ये डोकावले. गाडीत बसले होते, कोरड्या शेडमध्ये वायपर चालू करून! काचेवर वायपर करकरत होते आणि हे टक लावून समोर बघत होते.

मला वाटतं, यांना पश्चात्ताप होतोय. बस आवाज करायची, घरघरायची, तिच्याशी बोलता यायचं. या मुकीत जीव रमत नसेल. नोकरीही अशीच तडकाफडकी सोडली. "कंटाळा आला," एवढंच कारण. विचारायची सोय नाही.

९ ऑगस्ट

भांडण झालं. मी स्पष्ट सांगितलं – पाऊस चाललाय संपत. यंदा नाही नेलंत तर परत कधी त्या थांब्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. शेवटी म्हणाले, "उद्या निघू."

१० ऑगस्ट

नीट लिहिते.

निघताना रिमझिम होती. घाट सुरू झाला आणि कोसळायला लागला. टुणटुण वेड्यासारखी सुरू झाली, आजूबाजूला काही नसतानाही. यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळलेलं. एका वळणापलीकडे दरड काढायचं काम चालू होतं. डावीकडे रस्त्याच्या कडेला एक कामगार लाल बावटा हलवत उभा. मला स्वच्छ दिसत होता. मला वाटलं थांबतील. थांबेनात. गाडी सरळ त्याच्या अंगावर! मी किंचाळले. गाडी थांबली तेव्हा तो गटारात उडी मारून कमरेपर्यंत चिखलात उभा होता. खरचटलंसुद्धा नव्हतं. देवाची कृपा, दुसरं काय.

वर येऊन त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. वाहणारच. मग काचेतून वाकून बघितलं आणि एकदम थांबला. "तुम्ही? वरच्या बसचे ड्रायव्हर ना तुम्ही?"

त्या शिव्या परवडल्या. यांचा चेहरा बघवेना.

गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, आता खरं काय ते सांगा. वायपरकडे बघत म्हणाले, "कडेचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं – नळीतून बघावं तसं. डावीकडचं हीच सांगते, टुणटुण करून. पावसात हिच्या अंगावर चिखल बसला की तीही गोंधळते."

म्हणून "आज नको." म्हणून तो खांब. म्हणून ती नोकरीही सोडलेली. आणि मी काय बोलले होते खांबाच्या वेळी! जीभ झडो माझी.

रागही आला, खूप आला. म्हटलं, "बसमधल्या लोकांच्या जिवासाठी नोकरी सोडलीत, आणि माझा जीव काय वाटेवर पडलाय?" म्हणाले, "चुकलं माझं. कसं सांगावं, कळत नव्हतं."

परत येताना बैलगाडीच्या गतीने आणली. ते समोर बघत होते, आणि मी कडेचं बोलत होते – खांब, माणूस, गटार, कुत्रं. बॅटरी भरत होती. हसलं कुणीच नाही.

११ ऑगस्ट

दुकान उघडलं नाही. मुकीला कव्हर घातलं.

१४ ऑगस्ट

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत गेले. यांचा विरोध होता, पण आता ऐकते कोण. बाई म्हणाल्या, "काका, काचबिंदू आहे, गाडी चालवू नका, हे तेव्हाच सांगितलं होतं ना?" तेव्हाच म्हणजे नोकरी सोडली त्याच महिन्यात. एवढे दिवस थेंब घालत होते, कशाचे ते न सांगता. मी समजत होते डोळे जळजळतात म्हणून.

गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचं. मी विचारलं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत? बाई म्हणाल्या, औषध चुकवलं नाही तर टिकेलही, पण खात्रीने नाही सांगता येणार.

बाहेर बाकावर बसून राहिलो. मग हे म्हणाले, "ते उलटं येणारं पाणी मला एकदा तुझ्यासोबत बघायचं होतं. दिसतंय तोवर." एवढंच. मी पदराने चष्मा पुसत बसले, त्यांचा आणि माझा.

१९ ऑगस्ट

मी म्हटलं, विकून टाकू. उभी राहून काय करायचीय? म्हणाले, "नको." मग कोण चालवणार? लेक एवढ्या लांब, पोस्टमास्तर सायकलवाले. परत विचारलं, तर माझ्याकडे नुसतं बघत राहिले. काहीतरी ओठावर आलं होतं, गिळलं. असा राग येतो मला या गिळण्याचा!

मी कधी चालवेन, हा तर प्रश्नच नाही. लेक लहान असताना माझ्या भावाने शिकवायला घेतली होती गाडी. डावा गुडघा त्याआधीच मोडून बसवलेला, क्लच काही दाबला जाईना. गाडी गचके खात थेट गवताच्या गंजीत! सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने आमचे हे. "हे तुझं काम नव्हे गं." विसरले असतील ते. मी नाही विसरले. त्यानंतर स्टेअरिंगला बोट लावलेलं नाही.

शेवटी पोस्टमास्तरांनीच एक गिऱ्हाईक शोधलं, डोंगरात पाहुणे फिरवणारं. परवा सकाळी बघायला येणार. हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

२० ऑगस्ट

उद्या तो माणूस येणार म्हणून गाडी आतून पुसायला घेतली. पुसता पुसता ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पहिल्यांदाच. पाय हवेत, आणि नाकासमोर स्टेअरिंग. म्हटलं, आता विकायचीच आहे, बिघडली तर बिघडली. दाबलं ते दोन नंबरचं बटण.

सीट हळूहळू पुढे सरकली. मग वर उचलली गेली. पाठ सरळ झाली. बाहेरचे दोन्ही आरसे खाली वळले. सगळं थांबलं तेव्हा माझे दोन्ही पाय टेकले होते, यंत्रापुढच्या स्टुलावर बसल्यावर टेकतात अगदी तसे.

आरशात बघितलं तर शेडच्या दारात हे उभे.

"तुझ्या स्टुलावरून माप घेऊन या बटणात भरून ठेवलं होतं," म्हणाले. "गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. विचारायला तोंड होत नव्हतं – त्या गवताच्या गंजीनंतर. बरोबर बसलं?"

मी दोन्ही पाय पुन्हा एकदा टेकवून बघितले. बाहेर पाऊस कोसळत होता. मी विचारलं, "आणि डाव्या पायाचं काय करायचं?"

"काही नाही," म्हणाले. "त्याला आराम."