बळवंतच्या मोटरमधलं पाणी

२८ जुलै १९८४, शनिवार
आज मोठं काम अंगावर घेतलं. वर्सोव्याची कृष्णाबाई, जिच्याकडून माझी बायको रत्नप्रभा मासळी घेते, तिच्या नवऱ्याच्या, बळवंतच्या होडीची मोटर. जुनी, होडीच्या मागे लटकवायची. खालच्या गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. ऑइल मधासारखं निघायला हवं, निघतं दुधाच्या चहासारखं. बळवंत माझगावच्या मेकॅनिककडे निघाला होता. मी रस्त्यातच अडवला. गिरणीत अठरा वर्षं फिटर होतो, गळती ओळखायला पाच मिनिटं लागतात, असं सांगितलं. गिरणी बंद पडून अडीच वर्षं झाली, हे नाही सांगितलं.
नारळी पौर्णिमेला होडी समुद्रात जाणार. चौदा दिवस आहेत. मला दोन पुरेत.

२९ जुलै
मोटर गॅलरीत, पाण्याच्या पिंपात. निदान झालं: पावसाळी दमट हवा. ऑइल बदललं, मोटर पाच मिनिटं चालवली. शेजारच्या वनमालाताईंच्या धुतलेल्या साड्यांना धुराचा वास लागला, असं त्यांचं म्हणणं. ऑइल परत चहा. हवा सुधारेपर्यंत थांबावं लागेल.

१ ऑगस्ट
हवेवर विसंबणं बरोबर नाही. खरा दोष खालच्या स्क्रूच्या वॉशरचा. नवा वॉशर कुकरच्या रिंगमधून कापला. फिट बसला. रत्नप्रभा म्हणाली, वरण शिजत नाही. तिला समजावलं की या मोटरवर एक घर चालतं. ती म्हणाली, कुकरवरही एक चालतं.
संध्याकाळी ऑइल पाहिलं. चहाच, पण दूध जरा कमी. प्रगती.

३ ऑगस्ट, सकाळी ११
एअर टेस्ट. सायकलच्या पंपाने डब्यात हवा भरली आणि डबा पाण्यात बुडवला. मोटरच्या पंख्याच्या मागून भरपूर बुडबुडे. मी नीट विचार केला. बुडबुडे म्हणजे हवा बाहेर जाते. आपला प्रॉब्लेम पाणी आत येण्याचा. दोन वेगळ्या गोष्टी. टेस्ट पास.

५ ऑगस्ट
सगळीकडून डांबर लावलं. आता थेंब जाणार नाही. पंखा फिरत नाही, पण गळती थांबली.
बळवंत येऊन गेला. मोटर दाखवा म्हणाला. फायनल स्टेज आहे, म्हटलं. चहा अर्धा ठेवून गेला. बाकीच्यांच्या होड्या रंगवून तयार आहेत म्हणे. माणसं घाई फार करतात.

६ ऑगस्ट
पंख्यावरचं डांबर खरवडलं. जमेल तितकं. फिरतो.

९ ऑगस्ट, गुरुवार
खाडीत ट्रायल. होडीत बळवंत, कृष्णाबाई आणि मी. पहिली दोन मिनिटं झकास. मग मोटर नुसती ओरडायला लागली, पंखा थांबला, आणि ओहोटी आम्हाला समुद्राकडे न्यायला लागली. बळवंतने वल्हं घेतलं. एक वल्हं किनाऱ्यावर राहिलं होतं. शेवटी मढच्या फेरीबोटवाल्याने दोर टाकून ओढत आणलं. बोटीतले लोक माझ्याकडेच का बघत होते, कळलं नाही.
किनाऱ्यावर कृष्णाबाईने विचारलं, "दादा, पंखा काढून मागं बघितलं नाय तुम्ही?"
म्हटलं, तो पुढचा टप्पा होता.
तिने पिन काढली, पंखा ओढला, मासे कापायच्या कोयतीने दांड्याभोवती गुंडाळलेली तंगूस सोडवली. हातभर लांब. जाळ्यातली नायलॉनची दोरी. त्या दोरीने आतलं सील कापलं होतं, पाणी तिथून शिरत होतं. कृष्णाबाईला पाच मिनिटं लागली. बळवंत मोटर घेऊन तिथूनच माझगावला गेला.
माझं निदान बाहेरच्या बाजूने पूर्ण होतं.

११ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
इस्त्रीचा शर्ट घालून बंदरावर गेलो. म्हटलं, माझी शोधाशोध करतील. बळवंतची होडी नारळ सोडून केव्हाच निघाली होती. लांबून मोटरचा आवाज स्वच्छ येत होता. पंधरा मिनिटं ऐकत उभा राहिलो.
घरी आलो तर कृष्णाबाईची पितळी कळशी. बुडाशी गळते. ती स्वतः ठेवून गेली म्हणे. एवढं होऊनही बाईचा विश्वास! लगेच बसलो, उजेडात धरली, भोकावर पेन्सिलने खूण केली. अठरा वर्षांचा हात आहे.
रत्नप्रभा आतून म्हणाली, "तिने काही करू नका म्हणून सांगितलंय. अंधेरी बाजारातल्या तांबटाकडे फक्त पोचवायची आहे."
पोचवली.